चारशे अब्जांची पंगत

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी साडेसहाच्या सुमारास, नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्प गावातील एका दुमजली घरात इडलीचे पीठ पातेल्याबाहेर आले आणि खालच्या फळीवरच्या काचेच्या चंबूवर सांडले. चंबूत चार लिटर द्रव होता. त्यात पाच दिवस वाढवलेले यीस्ट होते. त्या यीस्टवर शनिवारी वीस लिटर कडक बेल्जियन धाटणीची बिअर बनवायची होती. पीठ आमचे होते. चंबू घरमालकांचा होता.

घरमालक तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. मूळचे मिरजेचे. विमानतळावरच्या मालगोदामात शीतगृह विभागात सव्वीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले होते. गुलाब, मासे, लसी, आंबे यांतले काय किती अंशावर किती तास टिकते, हे त्यांना पाठ होते. एकटेच होते. खालचा मजला त्यांचा, वरचा आम्हा भाडेकरूंचा. आम्ही तिथे अडीच वर्षे राहिलो.

घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी पगार, नोकरी, व्हिसा यांतले काहीही विचारले नाही. पहिला प्रश्न पत्नीला होता.

"दही कुठे लावता?"

"ओव्हनमध्ये. आतला दिवा लावून ठेवते."

"किती तास?"

"रात्रभर, काका."

"रात्रभर म्हणजे किती तास ते सांगा. इथे डिसेंबरात रात्र सोळा तासांची असते."

तिने आठ सांगितले. ते त्यांना पटले असावे, कारण घर आम्हाला मिळाले. चावीबरोबर एक थर्मामीटरही मिळाला. तो फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवायचा आणि हलवायचा नाही, एवढी एकच अट करारात हाताने लिहिलेली होती. बाकी करार छापील होता.

त्यांच्या घरात लेबल नसलेली वस्तू नव्हती. मिठाच्या बरणीवर भरल्याची तारीख, कांद्याच्या टोपलीवर आणल्याची. आकडे देवनागरीत, काळ्या मार्करने. एकदा आमच्या पनीरचा डबा चुकून त्यांच्या फ्रिजमध्ये गेला. संध्याकाळी तो दारात परत आला, रिकामा आणि धुतलेला. आत चिठ्ठी होती: "तारीख नव्हती. टाकले."

तारीख उलटलेली वस्तू ते कोणालाही खाऊ देत नसत. गणपतीत तीनशे माणसांच्या जेवणाला त्यांनी खिशातून थर्मामीटर काढून मसालेभातात खुपसला होता. मी रांगेत त्यांच्या मागे होतो. वाढायला उभ्या असलेल्या तरुणाला ते म्हणाले, "वाढप थांबवा. बावन्न अंश."

"काका, लोकं कधीची उभी आहेत."

"उभी आहेत ना? आडवी पडण्यापेक्षा बरं."

भात पुन्हा तापवला गेला. जेवण पन्नास मिनिटे लांबले. त्या दिवशी कोणी आजारी पडले नाही. भात न तापवताही कोणी पडले नसते, असे आयोजकांचे मत होते. पुढच्या वर्षी त्यांना पार्किंगची जबाबदारी देण्यात आली.

हे सगळे ते गोदामात शिकले, असा समज होता. तो अर्धाच बरोबर होता. त्यांचे वडील मिरजेत लग्नकार्याचे आचारी होते. सुट्टीत हे वडिलांबरोबर जात आणि पंगतीत वाढत. माणसे मोजणे, पाने मोजणे, किती किलोत किती जण जेवतात याचा अंदाज, हे तिथले. म्हणूनच ते यीस्टला यीस्ट म्हणत नसत. 'मंडळी' म्हणत. सकाळी बॉयलरचे कपाट उघडून यीस्टच्या चंबूत वाकून बघत आणि जिन्यातून वर ओरडून सांगत, "मंडळी उठली!" किंवा, "मंडळी अजून लोळतायत, वीस अंशसुद्धा नाही."

आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने एकदा विचारले की कोणती मंडळी, आणि ती राहतात कुठे. त्याला कपाट दाखवण्यात आले.

त्यांचे म्हणणे साधे होते आणि ते प्रत्येकाला सांगत. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते गरम पाण्यात मुरवले की गोड पाणी निघते. ते गोड पाणी म्हणजे जेवण. यीस्ट म्हणजे जेवणारे. साधी बिअर म्हणजे वरणभात, थोड्या माणसांनाही संपतो. कडक बेल्जियन बिअर म्हणजे लग्नाचे जेवण. त्याला जेवणारे भरपूर लागतात. कमी बोलावले तर ते पोट फुटेस्तोवर खातात, मध्येच आडवे होतात, आणि अन्न उरते.

"उरलेलं अन्न म्हणजे काय? गोड बिअर. लाज आहे ती."

लाज हा शब्द त्यांनी सहज वापरलेला नव्हता. आम्ही तिथे जाण्यापूर्वी एकदा ते घडले होते. रस्त्यापलीकडे हेंक नावाचा शेजारी राहत असे, विमानांचा मेकॅनिक. त्याच्या गॅरेजमध्ये तो आणि घरमालक मिळून महिन्या-दोन महिन्यांनी बिअर बनवत. मोठे भांडे, गॅसची शेगडी, छताला टांगलेली कप्पी, सगळे हेंकने स्वतः वेल्डिंग करून उभे केलेले. हेंकच्या निवृत्तीच्या समारंभासाठी दोघांनी कडक बिअर करायला घेतली. यीस्टचे एकच पाकीट घातले. बिअर अर्ध्यावर थांबली. समारंभात गोदामातले आणि हँगरमधले मिळून चाळीस जण आले होते. बहुतेकांनी अर्धा ग्लास घेतला, छान आहे म्हणाले आणि ग्लास खिडकीत ठेवला. हेंकने उरलेली बिअर पुढे वर्षभर पॅनकेकवर पाकासारखी घातली. घरमालकांनी त्या खिडकीतले ग्लास मोजले होते. अडतीस.

"चाळीस पानं मांडली आणि अडतीस उपाशी उठली," असे ते सांगत. "आमच्या वडिलांनी त्या दिवशी झारा टाकून दिला असता."

त्यानंतर त्यांनी सूक्ष्मदर्शक घेतला.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात हेंकने घर विकल्याचे सांगितले. मुलगी एनस्खेडेला विद्यापीठात होती. तिच्या घराजवळ तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्याने घेतला होता. तिथे गॅरेज नव्हते. भांडे, शेगडी, कप्पी घराबरोबरच नव्या मालकाकडे जाणार होती. किल्ल्या पीठ सांडले त्या गुरुवारनंतरच्या सोमवारी द्यायच्या होत्या, त्याच्या आधीचा शनिवार हा शेवटचा मोकळा दिवस. दोघांनी ठरवले की त्या दिवशी कडक बिअर पुन्हा करायची. वीस लिटर. त्या चाळीस जणांना एकेक बाटली पोचवायची. ती जमली नाही तर पुन्हा करायला जागा उरणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होते. घरमालकांच्या स्वयंपाकघरातल्या इंडक्शनवर पाच लिटरचे भांडेसुद्धा नीट उकळत नसे.

त्या आठवड्यात ते जिना दोन-दोन पायऱ्या घेऊन चढत होते. मी त्यांना शिट्टी वाजवताना पहिल्यांदाच ऐकले.

हिशोब त्यांनी फ्रिजवर लावला होता. वीस लिटरला चारशे अब्ज पेशी. पाकिटात ताज्या असताना शंभर. म्हणजे वाढवायला हव्यात. आधीच्या शनिवारी एक लिटर गोड पाणी उकळून, गार करून त्यात पाकीट ओतले. सोमवारी ते दोन लिटरमध्ये. बुधवारी चार लिटरमध्ये.

"एकदम चार लिटर का नाही, काका?"

"चार माणसांना मंगल कार्यालयात बसवलंय कधी? घाबरतात. आधी चौरंगावर बसवायचं, मग खोलीत, मग मांडवात."

चंबूखाली एक खोके होते. जुन्या संगणकाचा पंखा, त्यावर दोन लोहचुंबक. चंबूत एक चुंबकाची कांडी. पंखा फिरला की कांडी फिरे आणि द्रवात बारीक भोवरा पडे. हवा मिळाली की पेशी वाढतात. खोके त्यांनी स्वतः बनवले होते. त्यावरही लेबल होते: "चालू. हात लावू नये."

हे सगळे जिन्यातल्या बॉयलरच्या कपाटात. घरातली तेवढीच जागा नोव्हेंबरात चोवीस अंशांवर राहत असे. आणि त्याच कारणामुळे घरातले इडलीचे पीठही तिथेच फुगत असे. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी घरांना हे सांगायला नको. बाहेर पीठ तीन दिवस ठेवले तरी हलत नाही.

त्या आठवड्यापुरती बंदी जाहीर झाली होती. कपाटाच्या दारावर कागद होता: "शनिवार ते शनिवार. दही नाही, पीठ नाही, ढोकळा नाही." कारणही लिहिले होते. दह्यातले आणि पिठातले जिवाणू बिअरमध्ये गेले तर बिअर आंबते.

गुरुवारी पत्नीच्या कार्यालयात विभागातल्या सगळ्यांनी घरचे पदार्थ आणायचे होते. तिने महिन्यापूर्वी इडली कबूल केली होती. बुधवारी संध्याकाळी पीठ तयार होते आणि ते ठेवायला जागा नव्हती; ओव्हनमध्ये एवढे मोठे पातेले मावत नव्हते. चंबूच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियमचा कागद होता. पातेल्यावर झाकण होते. पातेले वरच्या फळीवर, चंबू खालच्या. एका रात्रीचा प्रश्न होता. पातेले मी ठेवले.

सकाळी घरमालक ओरडले नाहीत. आम्ही खाली गेलो तेव्हा ते उकिडवे बसले होते. पीठ फळीच्या फटीतून खाली आले होते. कागद वजनाने आत खचला होता आणि काठावरून पांढरी धार चंबूत उतरली होती. पंखाही पिठात बुडाला होता. तो बंद होता आणि जळका वास येत होता.

ते वर न बघता म्हणाले, "ताई, पीठ झकास आलंय."

पत्नी म्हणाली, "काका, माझी चूक. मीच म्हटलं ठेवायला."

"किती वाट्या उडीद?"

"काका!"

"विचारतोय. एवढं माझ्या आईचंसुद्धा फुगत नसे."

मग त्यांनी पिपेटने चंबूतला थेंब घेतला आणि काचपट्टीवर टाकला. बराच वेळ सूक्ष्मदर्शकाच्या नळीत बघत राहिले. नंतर मला बोलावले.

"या पत्रकार. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग लिहा."

गोल, फुगीर, एकमेकांना चिकटलेल्या पेशी दिसत होत्या. त्यांच्यामधून बारीक काड्या. काही स्थिर, काही थरथरणाऱ्या.

"गोल ती आपली बोलावलेली. काड्या तुमच्याकडची."

"थोड्याच आहेत, काका."

"आज थोड्या आहेत. वीस लिटरमध्ये तीन महिने ठेवल्या तर घर घेतील."

चार लिटर त्यांनी बागेत, सफरचंदाच्या झाडाच्या बुंध्याशी ओतले. मग आत येऊन हात धुतले आणि आमच्याकडे वर येऊन तीन इडल्या खाल्ल्या. चौथी उचलताना म्हणाले, "यातही आपली काही मंडळी गेली असतील." पत्नीला हसू आले, मग रडू आले. ती त्या दिवशी ऑफिसला उशिरा पोहोचली. इडल्या संपल्या, असे तिने दुपारी कळवले.

आठ वाजता त्यांनी बिअरचे सामान विकणाऱ्या दुकानाला फोन केला. दुकान हारलेमच्या बाजूला होते. यीस्टची ती जात मागवावी लागेल, पुढच्या बुधवारी येईल, असे उत्तर आले. दुसऱ्या जातीचे कोरडे यीस्ट होते. घरमालक नको म्हणाले. त्या बिअरला तेच हवे, दुसरे जेवतात पण बोलत नाहीत, म्हणजे चव देत नाहीत, असे त्यांचे मत होते. फोनवरच्या बाईंनी मग सांगितले की त्याच जातीचे एक पाकीट फ्रिजच्या तळाशी आहे, पण तारीख दोन महिन्यांपूर्वी उलटली आहे. ते विकता येणार नाही. तसेच देता येईल.

मी त्या दिवशी घरून काम करत होतो. लॅपटॉप बंद केला आणि त्यांच्याबरोबर बसने गेलो.

बाईंनी पाकीट काउंटरवर ठेवले. घरमालकांनी चष्मा वर करून तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"तारीख उलटलीय, काका," मी म्हणालो.

"मला वाचता येतं."

पाकीट त्यांनी आतल्या खिशात, छातीशी धरले. बसमध्ये पूर्ण वेळ हात खिशावर होता. मधल्या एका स्टॉपवर शेजारच्या आजींनी विचारले की बरं वाटत नाही का. ते डचमध्ये म्हणाले, "मला बरं आहे. यांचं सांगता येत नाही."

घरी आल्यावर थेंब पुन्हा काचेखाली गेला. या वेळी त्यात निळा रंग मिसळला होता. जिवंत पेशी रंग बाहेर ठेवते, मेलेली निळी होते. चौकटी आखलेल्या काचेवर ते एकेक चौकट मोजत गेले. मी कागदावर रेघा ओढत होतो.

"दहातली सहा गेलीत," ते शेवटी म्हणाले. "चार आहेत. चारांचे चाळीस होतात. चला."

शंभर अब्जांच्या पाकिटात चाळीस उरल्या होत्या. शनिवारी सकाळपर्यंत चव्वेचाळीस तास होते. चंबू उकळत्या पाण्याने धुऊन त्यात ताजे गोड पाणी आणि पाकीट ओतले. पंखा जळलेला होता. चंबू हाताने हलवायचा ठरला, दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे. पाळ्यांचा कागद फ्रिजवर लागला. संध्याकाळी हेंक आला. त्याला काय झाले ते सांगितले. अनेक वर्षांच्या सहवासात तो मराठीतला एकच शब्द शिकला होता आणि तो सगळीकडे वापरत असे.

"चालेल," हेंक म्हणाला आणि बाह्या सरसावून चंबू उचलला.

शुक्रवारचा दिवस त्या घरात वेगळा गेला. पत्नीनेही घरूनच काम केले. अकराच्या बैठकीत ती कॅमेऱ्यासमोर चंबू हलवत होती. तिच्या व्यवस्थापकाने ते काय आहे असे विचारले. तिने सांगितले. बैठकीतला बेल्जियन सहकारी पाकिटाची जात विचारून गेला आणि पुढची सात मिनिटे प्रकल्पावर चर्चा झाली नाही. दुपारी गोड पाणी वाढवून तीन लिटर केले. चारच्या सुमारास चंबूत फेस धरला. पहिल्यांदा तो मी पाहिला आणि जिन्यातून हाक मारली. घरमालक अंघोळ करत होते. टॉवेल गुंडाळून, डोक्याला साबण तसाच ठेवून बाहेर आले.

"कुठाय? कुठाय? अरे वा! अरे शाब्बास!"

साबण डोळ्यात गेला. त्यांना चंबू नीट दिसला नसावा. पण त्यांनी वास घेतला आणि दोन्ही हात वर केले.

रात्रीच्या पाळ्यांत कोण उठले याची नोंद कागदावर आहे. सगळ्या खुणा एकाच अक्षरातल्या आहेत.

शनिवारी सात वाजता मोजणी झाली. दोनदा त्यांनी केली, एकदा मी. तिन्हींची सरासरी दोनशे दहा अब्ज आली. वीस लिटरला लागणार होत्या चारशे.

गॅरेजमध्ये हेंकने पाणी तापायला ठेवले होते. वीस लिटरचा माल्ट आदल्या दिवशीच दळून दोन बादल्यांत तयार होता. घराचे बाकी सामान खोक्यांत गेले होते. छताला कप्पी आणि भिंतीवर एक कॅलेंडर, एवढेच उरले होते.

"किती आली?" हेंकने विचारले. दोघे आपसात इंग्रजी आणि डच मिसळून बोलत.

"निम्मी. पण तगडी आहेत. मरणाच्या दारातून परत आलेली. मला वाटतं, ओढतील."

"मागच्या वेळी किती होती?"

घरमालकांनी चंबू खाली ठेवला.

"निम्मी आली तर निम्मंच शिजव," हेंक म्हणाला.

"भांडं वीस लिटरचं आहे, हेंक."

"भांड्याला काय कळतंय?"

"चाळीस माणसांना सांगितलंय. निम्म्या लोकांना बोलावून बाकीच्यांना दारातून परत पाठवायचं? आमच्यात असं करत नाहीत."

"मग चाळीस जणांना पुन्हा गोड पाजू," हेंक म्हणाला. "पॅनकेकचं मी बघतो."

घरमालक भांड्यापाशी गेले. पाण्यात थर्मामीटर धरून उभे राहिले. पाणी अडुसष्ट अंशांच्या मर्यादेपुढे जात होते आणि त्यांनी गॅस कमी केला नाही. हे मी एकदाच पाहिले. हेंकनेच हात पुढे करून आच कमी केली. मग त्यांनी खिशातून मार्कर काढला, बादलीवरच्या लेबलवरचा '२०' खोडला आणि '१०' लिहिले. दुसरी बादली पायाने भिंतीकडे सरकवली.

"गार पाणी घाल," ते म्हणाले. "उशीर झालाय."

"चालेल," हेंक म्हणाला.

त्यानंतर पाच तास दोघांचे हात थांबले नाहीत. माल्ट मुरवणे, गाळणे, उकळणे, हॉप्सची कडू फुले घालणे, गडद साखरेचा पाक शेवटच्या पंधरा मिनिटांत घालणे. चंबूतले यीस्ट खाली बसवायला वेळ उरला नव्हता. तीन लिटर सगळेच ओतावे लागणार होते, म्हणून भांड्यातला रस आटवून सात लिटरवर आणला गेला. हे गणित दोघांनी गॅरेजच्या दरवाजावर खडूने केले. घर घेणाऱ्याने ते नंतर पुसले की नाही, माहीत नाही. हायड्रोमीटर म्हणजे द्रवात तरंगणारी काचेची नळी. साध्या पाण्यात ती हजार दाखवते, साखर जास्त तितका आकडा वर. यीस्ट साखर खात जाते तसा आकडा उतरतो. यीस्ट मिसळल्यावर आकडा आला एक हजार नव्वद.

मागच्या वेळी ती बिअर एक हजार अडतीसवर थांबली होती.

मिश्रण भरलेली झाकणाची टाकी हेंकच्या हातगाडीवरून, दोन गोधड्यांत गुंडाळून, रस्ता ओलांडून आणली गेली. मी वाहने थांबवायला रस्त्यात उभा होतो. एकच सायकल आली. ती थांबली.

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमचे दार ठोठावले गेले.

"उठा! उठा! पंगत बसली!"

टाकी बॉयलरच्या कपाटात होती. झाकणातून निघालेली नळी खालच्या पाण्याच्या बादलीत सोडली होती आणि त्या पाण्यात बुडबुड्यांची रांग लागली होती. आवाज जिन्यात घुमत होता. थोड्या वेळाने नळीतून तपकिरी फेसही यायला लागला. आम्ही रात्रीच्या कपड्यांवर पायऱ्यांवर बसून होतो. हेंक घरातल्या चपलांसकट रस्ता ओलांडून आला. घरमालक बादलीजवळ गुडघ्यांवर बसून मोजत होते, मिनिटाला बुडबुडे किती. नव्वदनंतर त्यांनी मोजणे सोडले. पत्नीने चहा केला. मग घरमालकांनी मान वर करून विचारले, "ताई, काही खायला आहे का? मंडळी जेवतायत आणि यजमान उपाशी."

सोमवारी हेंकने किल्ल्या दिल्या आणि संध्याकाळच्या गाडीने एनस्खेडेला गेला.

नंतरचे आकडे फ्रिजवरच्या कागदावर आहेत. तिसरा दिवस, एक हजार सत्तावन्न. पाचवा, एक हजार त्रेचाळीस. सहावा, एक हजार अडतीस.

सातव्या दिवशीही एक हजार अडतीस.

त्या दिवशी घरमालकांनी बॉयलरचे तापमान दोन अंशांनी वाढवले. टाकीला तिसरी गोधडी गुंडाळली. कपाटासमोर खुर्ची टाकली आणि तिथेच जेवले. संध्याकाळी हेंकचा फोन आला. जिन्यात बोलणे ऐकू येत होते.

"किती?"

"तेवढंच."

"हलवलंस का?"

"हलवायला भीती वाटते, हेंक."

"हलव. हळू. झोपलेली असतील."

त्यांनी टाकी दोन्ही हातांनी धरून हळूच गोल फिरवली, पाचदा. बाळाचा पाळणा हलवतात तशी नव्हे. पातेल्यात भात लागू नये म्हणून हलवतात तशी. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी नळीत नमुना घेतला, हायड्रोमीटर सोडला आणि मला हाक मारली. स्वतः बघायला तयार नव्हते.

"तुम्ही वाचा."

"एक हजार पस्तीस."

"नीट वाचा. डोळा पाण्याच्या पातळीला आणा."

"पस्तीसच आहे, काका."

त्यांनी माझ्या खांद्यावर एक थाप मारली. ती बरीच जोरात होती.

बाराव्या दिवशी एक हजार सतरा. तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या दिवशी एक हजार सोळा. आकडा तीन दिवस हलला नाही आणि बाटल्या भरण्यात आल्या. अठ्ठावीस निघाल्या. चौदा एनस्खेडेला गेल्या. बाकीच्या चौदा कोणाला द्यायच्या यावर त्यांनी दोन याद्या केल्या आणि दोन्ही फाडल्या. शेवटी नावांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून पत्नीला चौदा काढायला सांगितल्या.

मार्चपर्यंत कोणी बाटली उघडायची नाही, असे ठरले होते. एप्रिलात आम्ही अ‍ॅमस्टेलव्हीनला राहायला गेलो. त्याआधी, मार्चच्या दुसऱ्या रविवारी दुपारी, हेंकने मुलीच्या घरी त्याची पहिली बाटली उघडली. त्याने घरमालकांना निरोप पाठवला. निरोप डचमध्ये होता, दोनच शब्दांचा. त्यांनी तो जिन्यात उभे राहून आम्हाला मराठीत वाचून दाखवला: "गोड नाही."

फ्रिजवरच्या कागदावर त्यांनी तो वेळेसकट लिहिला: चार वाजून दहा मिनिटे.